अक्काच्या नावाची सुई

बिराप्पा मामाने उभ्या आयुष्यात कुणाला "बरं हाय का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. गावाच्या फाट्यावर मोटार थांबली, दार उघडलं, की उतरणाऱ्या पहिल्या माणसाच्या पुढ्यात हा उभा. डोक्याला मळका पटका, खांद्यावर काळं घोंगडं, हातात स्वतःपेक्षा उंच काठी. आणि प्रश्न कायम एकच.

"गाडा कुठवर आलाय?"

उतरणारा सोयरिकीला आलेला असो की मयताला, बिराप्पा मामाच्या लेखी तो फक्त बातमी घेऊन आलेला माणूस. एकदा सोलापूरकडची मंडळी आमच्या गावात मुलगी द्यायची म्हणून घर बघायला आली. मुलीच्या बापाने धोतर सावरत पाय खाली ठेवला, तोच मामाने काठी आडवी धरली. "गाडा कुठवर आलाय?" बाप बिचारा म्हणाला, "गाडा कशाला, मोटारीनंच आलो की." "मोटारीचं कोण इचारायलंय? वाटंत कुठल्या शिवंवर दिसला का, त्ये सांग." मंडळी चहा न घेता त्याच मोटारीने पुढं गेली. वरबाप काठी घेऊन मामाच्या मागे लागला, तर मामा पळता पळता म्हणतोय, "आरं पण त्यांनी सांगितलंच न्हाई की!"

गाडा म्हणजे मरीआईचा गाडा. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पटकीची साथ आली, माणसं हगवण-वांतीने पटापट पडू लागली, की गावात लाकडाचा लहानसा गाडा करायचे. त्यात मरीआई बसवायची, पुढ्यात हिरवा खण, बांगड्या, लिंबाचा पाला, दहीभात ठेवायचा आणि हलगी वाजवत गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. म्हणजे पटकी आपली सुटली आणि शेजारच्या गावाची झाली. शेजारचं गावही काही खुळं नसे. ते तोच गाडा उचलून आपल्या पलीकडच्या शिवेवर नेऊन ठेवी. अशी ती देवी एका गावाने ढकलली की दुसऱ्या गावात, भीमेकाठापासून पार बीदरपर्यंत फिरत राही.

तो गाडा ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांच्या गळ्यात होतं. माझ्या आज्याने ओढलेला आहे. पुढं आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, हलगी खाली ठेवली आणि सांगितलं, तुमची देवी तुम्ही ओढा. गावं जरा अडली. पण अडून बसतील ती गावं कसली? कधी बैल जुंपून, कधी त्यांच्यातल्याच एखाद्या गरिबाला पुढं करून, गाडा निघतच राहिला.

बिराप्पा मामाचं म्हणणं सरळ होतं. गाडा जिथं, पटकी तिथं. मग गाड्यावर नजर ठेवली की पटकीवर नजर राहिली. त्यासाठी तो रोज फाट्यावर बसायचा. गावाने त्याचं नाव गाडाप्पा ठेवलं होतं आणि त्या नावाने हाक मारली तरी तो ओ द्यायचा.

मी त्या गावात नर्स म्हणून आले तेव्हा आमचा हा भाग म्हैसूर राज्याला जोडून दहाएक वर्षं झाली असतील. गाव दुबलगुंडीच्या पुढं, आडवळणाचं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक स्टो, सुया उकळायचं एक पातेलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, तेही ओढ्याला पाणी नसेल तर. मी कुणाची मुलगी हे गावाला माझ्या आधी कळलेलं होतं. त्यामुळे काहीजण हात पुढं करताना तोंड फिरवत आणि घरी गेल्यावर अंघोळ करत. मी मनात म्हणायची, करा बाबांनो, निदान अंघोळ तरी होते.

पहिल्याच दिवशी मामा दारात येऊन उभा राहिला. "तू नवी बाई व्हय? ऐकून ठेव. गाडा अफजलपूरच्या अलीकडं हाय." एवढं बोलून गेला. मला वाटलं, ह्याचा गाडा कुणीतरी चोरून नेलाय आणि हा फिर्याद द्यायला चुकून दवाखान्यात आला. मी शेजारी चौकशी केली. दवाखान्याच्या पाठीमागे एका खोलीचं घर होतं, त्याच्या उंबऱ्यात एक वाळक्या शेंगेसारखी म्हातारी तंबाखू मळत बसली होती. तिला विचारलं तर ती इतकी हसली की तंबाखू सांडली.

"त्यो माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "खुळा न्हाई बग. नुसता तसा दिसतोय."

ती काशाक्का. बिराप्पा मामाची थोरली बहीण. लहानपणी लग्न होऊन लहानपणीच विधवा झाली आणि बापाच्या घरी परत आली. ती आली त्याच्या पुढच्या साली पटकीने आई आणि बाप एकाच दिवशी नेले. बिराप्पा तेव्हा रांगत होता. काशाक्काने त्याला पाठीशी बांधून मेंढरं राखली, त्याच्यासाठी शेळीचं दूध काढलं, त्याला मोठं केलं. पुढं मेंढरं कमी होत होत संपली, भाऊ म्हातारा झाला, लग्न राहून गेलं ते गेलंच. दोघं त्या एका खोलीत राहत आणि दिवसभर एकमेकांना शिव्या देत. मामाला ताप आला तर अक्का जेवायची नाही. अक्काला ताप आला तर मामा जेवायचा नाही आणि तिला सांगायचा की जेवलो.

"त्या साली गाडा आमच्या शिवंवर येऊन बसला व्हता आन् कुणाला पत्ताच न्हाई," मामा मला एकदा म्हणाला. "ठाव असतं तर बापानं रातीतनं मेंढरं हाकली असती की बालाघाटाकडं." त्याच्या सगळ्या खुळाचं मूळ एवढंच होतं. आई-बापाची तोंडं त्याला आठवत नव्हती, पण गाडा आला तेव्हा कुणी सांगितलं नाही, हे तो विसरायला तयार नव्हता.

आता त्याचं हे टेहळणीचं शास्त्र अचूक होतं असं कुणी समजू नये. गावं बेइमान होती. आपल्याकडे गाडा आलाय हे कबूल करायला कुणी तयार नसे. मादन हिप्परग्याचा माणूस सांगायचा, आमच्याकडं काहीच न्हाई, तिकडं पलीकडं हाय. पलीकडचा सांगायचा, आमच्याकडून कवाच गेला. मामा फाट्यावर बसून संतापायचा. "चोरून ठेवलाय गाडा! देवीला कुणी चोरून ठेवतंय व्हय? काय माणसं हायती!" एकदा तर त्याच्या हिशेबाने गाडा एकाच दिवशी दोन ठिकाणी होता. त्यावर तो मला म्हणाला, "मंग दोन आसतील. तू दोन्हीची तयारी ठेव."

आणि एकदा तो साफ चुकला. सुगीचे दिवस होते. धापा टाकत आला, "बाई, आला गाडा! शेजारच्या शिवंवर हाय. म्या डोळ्यानं बगितला." मी तालुक्याला निरोप धाडला, लशीच्या बाटल्या मागवल्या, दोन दिवस टोचत बसले. पटकीची सुई म्हणजे साधी गोष्ट नव्हती. दंड सुजायचा, अंगात ताप भरायचा. ऐन ज्वारीच्या काढणीत अर्धं गाव वाकळ पांघरून कण्हत पडलं. आणि नंतर कळलं की शेजारच्या गावाने तो गाडा त्यांच्या देवीच्या वार्षिक जत्रेसाठी रंगवून बाहेर वाळत ठेवला होता.

गावाने मामाला फाडून खाल्लं. मलाही. मामा तीन-चार दिवस फाट्यावर गेला नाही. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "चुकलो. पण सुई कुटं वाया गेली? अंगातच हाय की." मी म्हटलं, "मामा, ती सहा महिनेच टिकते. मग उतरते." त्याचे डोळे मोठे झाले. "सहाच म्हैने? म्हंजे मेंढराच्या कातरणीगत?" वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात, तेवढ्याच अंतराने ही सुई घ्यायची, हे त्याला एकदम पटलं. त्या दिवसापासून तो मोटारीतून उतरणाऱ्याला दोन प्रश्न विचारू लागला. गाडा कुठवर आलाय, आणि तुझी कातरणी झाली का.

त्याच टोचणीत मला एक गोष्ट दिसली, जिचं दुःख मला आजही आहे. गावातलं एकही म्हातारं माणूस माझ्यापुढं आलं नव्हतं. म्हातारी माणसं सापडतच नसत. एक आजोबा धान्याच्या कणगीत जाऊन बसले होते आणि तिथून शिंकले म्हणून सापडले. एक आजी भाकरी थापत होत्या. पिठाचे हात आहेत, दंड कसा दाखवू म्हणाल्या. ते पीठ संध्याकाळपर्यंत त्यांच्या हाताचं सुटलं नाही. मी हसले तेव्हा. नंतर काशाक्काकडे गेले तर ती सरळ बोलली.

"ती तुझी बाटली बगितली की म्या. एवढीशी. आन् गाव केवढं? माझ्या वाटंची त्या लेकुरवाळ्या सुनंला दे. मला काय करायचीय?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या भागात टंचाईच्या साली भाकरी कमी पडली की घरातलं म्हातारं माणूस अर्ध्यातून उठतं आणि म्हणतं, पोट भरलं. कुणी आग्रह करत नाही, कारण खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं. ही माणसं माझ्या लशीच्या बाटलीपुढून तशीच उठून जात होती. आणि त्यांचं चुकत तरी काय होतं? बाटल्या खरंच कमी असायच्या. वरून हुकूम यायचा, आधी लेकरं, मग कामकरी, मग जत्रेला जाणारे. म्हाताऱ्यांचा त्यात उल्लेखच नसे. मी एका साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "सिस्टर, त्यांचं आता काय राहिलंय?" ते स्वतः पन्नाशीच्या पुढचे होते आणि त्यांनी सुई घेतलेली होती.

बिराप्पा मामाला हे मुळीच मान्य नव्हतं. "कळपात आधी म्हातारी मेंढी संबाळायची असती," तो म्हणायचा. "वाट तिलाच ठाव असती. पाणी कुटं हाय, तिलाच ठाव. ती मेली तर बाकीची नुसती भें भें करत हिंडत्यात." आणि मग पुढच्या टोचणीला त्याने आमच्या म्हाताऱ्यांना अक्षरशः मेंढरांसारखं हाकायला सुरुवात केली. गल्लीच्या एका टोकाला काठी आडवी धरून उभा राहायचा आणि तोंडाने "हुर्रर्र, हुर्रर्र" करायचा. म्हातारे चिडून काठ्या उगारायचे. एका आजीने त्याच्या डोक्यावर राखेचं पाणी ओतलं. तो तसाच निथळत माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आज एकबी गावली न्हाई."

काशाक्काला तर त्याने पाया पडून विनवलं. रडला. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाली, "घीन रं पुढच्या बारीला." तिची पुढची बारी कधी आलीच नाही.

मग एक दिवस मामा रांगेत उभा राहिला, माझ्याकडून सुई घेतली, बाहेर गेला आणि परत रांगेत येऊन उभा राहिला.

"आता अक्काच्या नावानं दे," त्याने दुसरा दंड पुढं केला.

"असं कुठं असतं का मामा?"

"कामून? बिरोबाला नवस आजारी माणसानं करायचा, आन् त्याला चालवंना तर भावानं अनवाणी जाऊन फेडायचा. देव धरतोय की त्येच्या नावावर. देव धरतोय आन् तुझी सुई कामून धरत न्हाई?"

मी हात जोडून समजावलं. सुई देव नाही, मामा. ती ज्याच्या अंगात जाते त्याचीच होते, नाव बघत नाही. पण माझं बोलणं वाऱ्यावर गेलं. रांगेतली सगळी माणसं मामाच्या बाजूची होती. एक सून म्हणाली, "आमच्या सासूच्या नावानं मीच घेते की बाई, तिला कशाला तरास?" तिच्या चेहऱ्यावर खरी माया होती, आणि त्या मायेचीच मला जास्त भीती वाटत होती. मी ओरडून सगळ्यांना घालवून दिलं. मामा जाताना म्हणाला, "तू लई शिकलेली हायस. म्हून तुला समजंना."

पुढच्या कातरणीच्या वेळी मला भीमेकाठच्या एका जत्रेवर पाठवलं. यात्रेकरूंना टोचायला माणसं कमी पडत होती. माझ्या गावाला दुसरा कुणी टोचणारा येईल, असं सांगितलं. तो आला. नशिबाचा खेळ असा की त्या खेपेला पहिल्यांदाच बाटल्या भरपूर होत्या. त्या बिचाऱ्याला त्या संपवायच्या होत्या आणि संध्याकाळची मोटार गाठायची होती. दंड कुणाचा आणि नाव कुणाचं हे बघायला त्याला सवड नव्हती.

मी परत आले तेव्हा मामा फाट्यावर होता. त्या दिवशी त्याने गाडा कुठवर आलाय हे विचारलं नाही. त्याचे दोन्ही दंड सुजून भोपळे झाले होते, डोळे तापाने लाल होते आणि तोंडभर हसू होतं.

"झालं, बाई. समद्या म्हाताऱ्यांचं झालं. एकबी ऱ्हायला न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला तिथंच नमस्कार केला. म्हटलं, हुर्रर्र करून का होईना, ह्या माणसाने मोठं काम केलं. दोन पावलं चालले आणि विचारलं, "मग म्हाताऱ्यांचे दंड फार सुजले का?"

"त्यांचे कामून सुजतील?" मामा म्हणाला. "सुनांचे सुजलेत. पोरांचे सुजलेत. नाव तेवढं म्हाताऱ्यांचं."

मी रस्त्यातच बसले. नंतर मामाला काय काय बोलले ते आठवत नाही. तो ऐकून घेत होता आणि मला उन्हाचा त्रास झालाय असं समजून घोंगडं माझ्या डोक्यावर धरत होता.

तशीच काशाक्काकडे गेले. ती पांघरूण घेऊन पडली होती. मामा मागून कौतुकाने म्हणाला, "बग. तिलाबी ताप आलाय. लागू झाली की." अक्का कण्हत म्हणाली, "व्हय की. कालच्यापून कणकण यायलीय. दंडबी ठणकायलाय." मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. मामाच्या पाठीमागून तिने माझ्याकडं बघितलं आणि हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. मामा बाहेर गेल्यावर म्हणाली, "किती वर्सांनी त्यो निवांत झोपलाय. झोपू दे."

मी तालुक्याला पुन्हा बाटल्या मागितल्या. उत्तर आलं की तुमच्या गावाचं काम पूर्ण झालेलं आहे, विशेषतः वृद्धांचं, आणि त्याबद्दल अभिनंदन.

पटकी त्या वर्षी खरंच आली. गाडा मात्र आला नाही. तोवर गावोगाव गाडा ओढायला माणूस मिळेना, तरण्या पोरांना लाज वाटू लागली, पोलीसही दम देऊ लागले. गाडा कुणी काढलाच नाही. पटकी मोटारीने आली. मामा ज्या मोटारीपुढं रोज उभा राहायचा तिच्यातूनच एक लांबचा पाहुणा उतरला, मामाने त्याला विचारलं, गाडा कुठवर आलाय, तो म्हणाला, कुठंच न्हाई, आणि तीन दिवसांत पाहुणा हगवण-वांतीने मेला. मग विहिरीच्या बाजूची आळी पडू लागली.

पहिल्यांदा म्हातारी माणसं गेली. कणगीत लपलेले आजोबा गेले. पिठाच्या हातांच्या आजी गेल्या. सुना धडधाकट होत्या, सासूचे कपडे धूत रडत होत्या आणि मला विचारत होत्या, "म्या घेतली व्हती की बाई तिच्या नावानं, मंग?" दवाखान्यात सलाईनच्या बाटल्या होत्या त्या दोन दिवसांत संपल्या. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत आम्ही घरोघर फिरत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि बिराप्पा मामा. बाकी कुणी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हतं. मामा घाण काढायचा, म्हाताऱ्यांना धुवायचा, पाठीवर घेऊन दवाखान्यात आणायचा. हात न धुताच भाकरीला हात घालायचा, मी किंचाळायचे तेव्हा धुवायचा. मी मनात म्हणत होते, ह्याने खंडीभर सुया टोचून घेतल्यात, म्हणून हा भीत नाही.

एका सकाळी काशाक्का पडली. मामा तेव्हा दुसऱ्या आळीत कुणाला तरी पाणी पाजत होता. माझ्याकडं एक सलाईनची बाटली लपवून ठेवलेली होती, खरं सांगते, तिच्यासाठीच ठेवली होती. पण तिच्या हाताची शीर सापडेना. सुई घालत होते, काढत होते. ती हात मागे घेत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याला व्हईल." मग माझा पदर धरून म्हणाली, "त्याला सांग, म्हातारपणानं गेली. वय झालतं म्हण. त्येची सुई लागू झाली न्हाई असं त्याला वाटू देऊ नको."

मामा आला तोवर ती बोलायची थांबली होती. दुपारच्या आत गेली. तो रडला नाही. तिची कवडीएवढी झालेली काया एकट्याने उचलली, आमच्या हाताशी कुणी नव्हतंच.

साथ ओसरली. म्हाताऱ्या माणसांनी भरलेले ओटे रिकामे झाले. मामा फाट्यावर जायचा बंद झाला. आठ-पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ काठीशी चाळा करत होता.

"बाई, सुई खोटी व्हती का?"

मी तयारच होते. अक्काचा निरोप तोंडात होता. म्हटलं, "नाही मामा. अक्काचं वय झालं होतं. म्हातारपणानं गेली."

"वय माझंबी झालंय की," तो म्हणाला. "मला कामून काय झालं न्हाई?"

"तुम्ही सुई घेतली होती ना."

"म्या कुटं घेतली?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "माझ्या नावाची एकबी न्हाई. त्या बारीला तीनदा उभा ऱ्हायलो. घोंगडं उलटंपालटं करून, टोचणाऱ्यानं वळखू नये म्हून. तीनबी अक्काच्याच नावाच्या. ती लई म्हातारी, एकीनं काय व्हतंय म्हून तीन."

म्हणजे तो महिनाभर पटकीच्या घाणीत हात घालत होता तो आपल्याला काहीच राखण नाही असं समजून. मरायला तयार होऊन हा माणूस दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या धूत होता. आणि मी त्याला हात धू म्हणून ओरडत होते.

आता काय बोलायचं? सुई खोटी होती म्हणावं, तर ह्यानंतर गावात कुणी दंड पुढं करणार नाही. खरी होती म्हणावं, तर त्याला काय कळेल ते मला दिसत होतं. पण त्याला आणखी खोटं सांगणं मला जमेना. म्हटलं, "मामा, सुई खरी होती. ज्याच्या अंगात गेली त्याला तिने राखलं."

तो हळूहळू खाली बसला. दोन्ही हातांनी आपलेच दंड चाचपले, एक, मग दुसरा.

"म्हंजे तिची म्याच खाल्ली," तो म्हणाला.

मी त्याला पुष्कळ सांगितलं. तुम्ही घेतली नसती तरी तिला मिळाली नसती, तीच घेत नव्हती, तुमचा काय दोष. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. त्या दिवसानंतर त्याच्या घरातून शिव्या ऐकू यायच्या बंद झाल्या. माणूस एकटा असला की शिव्या तरी कुणाला देणार?

मी त्या गावात पुढं बरीच वर्षं होते. दर कातरणीच्या वेळी मामा माझ्या आधी दवाखान्याच्या ओट्यावर हजर असायचा. आता हुर्रर्र करत नसे. गावात जी चार म्हातारी माणसं उरली होती, त्यांच्या घरी जाऊन नुसता बसायचा. बोलायचा नाही. शेवटी कंटाळून ती उठायची आणि तो हात धरून त्यांना घेऊन यायचा. "दुसऱ्याच्या नावानं न्हाई," एवढंच सांगायचा. "ज्याची त्यानं." मी सुई टोचताना त्यांचा हात तो स्वतःच्या हातात घट्ट धरायचा आणि त्यांच्यापेक्षा जास्त तोंड वाकडं करायचा. कधी दोघं यायची, कधी कुणीच यायचं नाही. म्हाताऱ्यांचं लपणं काही संपलं नाही, आणि बाटल्याही कधी पुऱ्या पडल्या नाहीत.

सगळी गेल्यावर मी सिरिंज भरायची आणि म्हणायची, "आता तुम्ही बसा मामा." तो घोंगडं ओढून दंड झाकून घ्यायचा. मी रागावून बघितलं, विनवून बघितलं. त्याचं वय सत्तरीकडं झुकलं होतं, अंगात काही उरलं नव्हतं, पुढची साथ ह्याला पहिल्यांदा नेणार हे मला दिसत होतं. एकदा मी त्याचा हातच धरला. म्हटलं, "मामा, ती मागची केव्हाच उतरली. आता अंगात काही नाही तुमच्या."

त्याने हळूच माझा हात सोडवला.

"तुझी उतरत आसंल, बाई," तो म्हणाला. "माझ्यात अजून तिची हाय."